अडीच लिटर ऑइल आणि दोन किल्ल्या

मोटरसायकलचं इंजिन ऑइल बदलायला चाळीस मिनिटं लागतात, असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात छापलेलं आहे. मला पाच तास लागले. म्हणजे पुस्तक चार तास वीस मिनिटांनी चुकलं. ते लिहिणारा गृहस्थ बहुतेक एकटाच कुठेतरी माळावर राहत असावा आणि त्याला शेजारी नसावेत.

गाडी क्रूझर आहे. लांबलचक, बसकी, रुंद हँडलची, आणि पाय पुढे सोडून बसायची. बावन्नाव्या वर्षी मी ती घरी आणली तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, की हिच्यावर झोपायचं असतं का. मी तिला मागची गुबगुबीत सीट दाखवली, पाठ टेकायची गादी दाखवली, हे सगळं खास तुझ्यासाठी आहे असंही म्हणालो. तिने हात लावून गादी दाबून पाहिली आणि ती स्वयंपाक करायला निघून गेली. आज त्याला आठ महिने झाले. त्या सीटवर भाजीची पिशवी बसली, इस्त्रीचे कपडे बसले, तळमजल्यावरचं मांजर तर रोज बसतं. बायको बसली नाही.

तिला गाडीची भीती नव्हती, माझी होती. तिचं म्हणणं असं, की जी वस्तू तुम्हाला उघडून परत बंद करता येत नाही, तिच्यावर मी बसणार नाही. या हिशोबाने तुला लिफ्टमध्येही जाता येणार नाही, असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, की लिफ्ट तुम्ही चालवत नाही. या वाक्यामागे बराच इतिहास आहे. मी एकदा न्हाणीघरातला नळ दुरुस्त केला होता. नळ उत्तम बसला, फक्त एक स्क्रू उरला. तो कुठला, हे आम्हाला तीन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन सांगितलं.

यात साडूभाऊंचाही वाटा होता. ते दोनदा येऊन, हात पाठीमागे बांधून, गाडीभोवती फिरून गेले होते. "काढायची झाली तर आधी आम्हाला सांगा," असं ते म्हणायचे, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं अशा हळू आवाजात म्हणायचे. त्यांनी घराला अंगणापासून गच्चीपर्यंत नवी पांढरीशुभ्र फरशी घातली होती आणि ती पाहायला आम्हाला रविवारी बोलावलं होतं. बायकोने त्या रविवारची वेळ साधून एकदाचा निकाल लावायचं ठरवलं.

"पाच वाजता निघायचंय," ती म्हणाली. "त्याच्या आत गाडीचं एक काम स्वतःच्या हाताने करून दाखवा. कुठलंही. पण काढलेलं सगळं परत जागेवर गेलं पाहिजे, एकही भाग उरता कामा नये. मग मी मागे बसते."

"आणि उरला तर?"

"तर आपण बसने जाऊ, आणि ताईच्या ह्यांना सांगू की गाडी घेऊन जा."

मी हो म्हणालो. मला अपमान लवकर कळतो, धोका उशिरा कळतो.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीत दावे नामंजूर करतो. मंजूर करणारे वेगळे, ते वरच्या मजल्यावर बसतात आणि संख्येने फार थोडे आहेत. 'सदर नुकसान दावेदाराच्या निष्काळजीपणामुळे झाल्याचे दिसून येते' हे वाक्य मी गेली सव्वीस वर्षं लिहितो आहे. निष्काळजीपणा कागदावर कुठे लपून बसतो, ते मला अचूक कळतं. त्यामुळे असल्या माणसाच्या हातून स्वतः निष्काळजीपणा होणं शक्य नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

सगळ्यांत सोपं काम म्हणून मी ऑइल बदलणं निवडलं. खालचा बोल्ट काढायचा, जुनं ऑइल गळू द्यायचं, बोल्ट लावायचा, वरून नवं ऑइल ओतायचं. यात चुकण्यासारखं काही नाही असं मी सेक्रेटरींनाही सांगितलं. सांगायचं कारण, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई आहे. ही दुरुस्ती नव्हे, गाडी चांगली आहे, असं मी म्हणालो. मग चांगल्या गाडीला हात कशाला लावता, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला त्या दिवसभरात अनेकदा आठवला.

शेवटी तीन प्रतींत अर्ज झाला. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी 'द्रवपदार्थ बदलणे' असं लिहिलं. सेक्रेटरींनी तो वाचून परवानगी दिली, पण एका अटीवर. काम दोन जबाबदार सभासदांच्या देखरेखीखाली व्हावं. जबाबदार सभासद म्हणून त्यांनी पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि दुसऱ्या मजल्यावरचे ट्रेझरीसाहेब यांची नेमणूक केली. ट्रेझरीसाहेब म्हणजे सरकारी कोषागारातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त झाले असं नुसतं म्हणायचं. तेहतीस वर्षं तिजोरी सांभाळून त्यांची अशी सवय झाली आहे, की संध्याकाळी फिरायला निघताना ते स्वतःच्या घराच्या दाराला लाखेचं सील लावत नाहीत, हेच विशेष.

रविवारी बरोबर बारा वाजता आम्ही तिघे पार्किंगमध्ये जमलो. मी पाने आणले होते, नरसाळं आणलं होतं, आणि जुनं ऑइल धरायला मुलीचा लहानपणीचा आंघोळीचा टब आणला होता. मुलगी आता नोकरीला परगावी असते. टबावर बदकं आहेत. डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला होता आणि दात बघायचा तो छोटा आरसा आणला होता. ट्रेझरीसाहेबांच्या हातात वही होती.

ऑइल पातळ व्हावं म्हणून आधी इंजिन थोडं गरम करायचं असतं. ते मी केलं. मग गाडीखाली आडवा झालो आणि बोल्टला पाना लावला. या बोल्टला ड्रेन प्लग म्हणतात. तो हलेना. डॉक्टर माझ्या शेजारी आडवे झाले, आरसा आत घालून त्यांनी प्लग सगळ्या बाजूंनी पाहिला आणि मूळ घट्ट आहे म्हणाले. मग पाना स्वतः हातात घेतला. "थोडं दुखेल," ते सवयीने म्हणाले. ते गाडीला म्हणाले की मला, ते कळण्याआधीच पाना निसटून माझ्या अंगठ्यावर बसला, तेव्हा मलाच म्हणाले असावेत.

तिसऱ्या झटक्याला प्लग सुटला. त्याच्यामागून जे ऑइल आलं, ते टबाकडे जाणार अशी माझी कल्पना होती. निम्मं गेलं. उरलेलं डॉक्टरांच्या बाहीत आणि माझ्या कोपरापर्यंत गेलं. ते गरम होतं आणि शाईसारखं काळं होतं. प्लगबरोबर एक तांब्याची चकती निघाली, तिला वॉशर म्हणतात. प्लग आणि इंजिनच्या मध्ये ती नसली तर ऑइल ठिबकतं. मागच्या स्क्रूची आठवण ताजी असल्यामुळे मी ती चकती हरवू नये म्हणून करंगळीत सरकवली आणि प्लग पुसायला घेतला.

"थांबा," ट्रेझरीसाहेब म्हणाले. "सुटलेली वस्तू अशी उघड्यावर ठेवायची नसते."

पुढचं मी थांबवायला हवं होतं. पण ते इतक्या अधिकाराने बोलत होते, की माझा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी प्लग पाकिटात घातला, वहीत 'एक नग बोल्ट, लोखंडी, वापरलेला' अशी नोंद केली, पाकीट चिकटवलं, चिकटवलेल्या जागी माझी आणि डॉक्टरांची सही घेतली आणि ते वर घेऊन गेले. ऑइल पूर्ण गळायला वीस मिनिटं लागतात, तोवर वस्तू सुरक्षित राहील, म्हणाले. मला ते पटलंही. सव्वीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या निम्म्या दाव्यांत वस्तू उघड्यावरच ठेवलेली होती.

वीस मिनिटांनी मी प्लग मागितला. साहेब वर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

झालं होतं असं. साहेबांच्या घरी एक लोखंडी कपाट आहे आणि त्याला कोषागाराच्या पद्धतीने दोन कुलपं आहेत. दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय ते उघडत नाही, बंद मात्र नुसतं ढकललं तरी होतं. एक किल्ली साहेबांकडे, दुसरी त्यांच्या बायकोकडे. या कपाटात लग्नापासूनची विजेची बिलं आहेत, काही दागिने आहेत आणि साहेबांची साखर वाढल्यापासून बिस्किटांचा डबा आहे. म्हणजे साहेबांना बिस्कीट खायचं झालं तरी दोघांची संमती लागते. सकाळी काही कामासाठी ते दोघांनी मिळून उघडलं होतं आणि तसंच राहिलं होतं. साहेबांनी पाकीट आत ठेवलं आणि सवयीने कपाट ढकललं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याआधीच फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गटाबरोबर दिवसभराच्या सहलीला निघून गेली होती. येणार रात्री आठला.

आम्ही त्यांना फोन लावला. फोन कपाटात वाजला. हरवू नये म्हणून त्यांनी तो आत ठेवला होता.

मी कपाट फोडायची गोष्ट काढली. साहेब दाराला पाठ लावून उभे राहिले. तेहतीस वर्षांत त्यांच्या ताब्यातली तिजोरी फुटली नव्हती आणि एका बोल्टसाठी ते आज ती फुटू देणार नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे मी पुढे बोललो नाही. खरं तर पाणी माझ्या डोळ्यांत यायला हवं होतं. एक वाजत आला होता, खाली माझी गाडी पोटाला भोक पडलेल्या अवस्थेत उभी होती, आणि पाच वाजता ती चालत नसेल तर साडूभाऊंची होणार होती.

इतक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बायकोने विचारलं, की कसं चाललंय.

यापुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ मी त्या क्षणी दिलेल्या उत्तरात आहे. खरं सांगायला काही हरकत नव्हती. पण प्लग शेजाऱ्यांच्या तिजोरीत अडकलाय, हे वाक्य खालून वर ओरडून सांगता येईल असं नव्हतं, आणि नळाचा स्क्रू अजून आमच्या घरात जिवंत होता. मी म्हणालो, "मस्त. ऑइल गळतंय."

मग आम्ही पर्याय शोधायला लागलो. डॉक्टरांनी दवाखान्यातला मसाला आणला आणि भोक तात्पुरतं भरून देतो म्हणाले, फक्त दोन दिवस त्या बाजूने चावू नका. वॉचमनने बाटलीचं बूच आणून दिलं, ते आत गेलं आणि गेलंच. ते चिमट्याने बाहेर काढण्यात डॉक्टरांची पंचवीस मिनिटं गेली, पण त्या पंचवीस मिनिटांत ते दिवसभरातले सगळ्यांत आनंदी दिसत होते.

दोन वाजता मी डॉक्टरांच्या स्कूटरवरून सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला गाडीचं नाव विचारलं, साल विचारलं, आणि मग म्हणाला की या गाडीला दोन मापांचे प्लग येतात, जुना दाखवा म्हणजे त्या मापाचा देतो. जुना तिजोरीत आहे, असं मी सांगितलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, शर्टाला ऑइल, आणि बोल्ट तिजोरीत. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि पोऱ्याला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. पण प्लग दिला नाही.

परत आलो तर सेक्रेटरी बदकांच्या टबाशी उभे. या द्रवपदार्थाचं पुढे काय, हे त्यांना लेखी हवं होतं. मी नगरपालिकेला फोन लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, कचरा ओला की सुका. ऑइल आहे म्हटलं. म्हणजे ओला, त्या म्हणाल्या. पण यात पाण्याचा थेंब नाही, असं मी म्हणालो. कारण नसताना बोललो, पण वस्तुस्थिती मांडायची सवय आहे. मग सुका लिहू का, त्यांनी विचारलं. शेवटी त्यांनी मला घातक पदार्थ विभागाचा नंबर दिला, तो विभाग सोमवारी उघडणार होता. ऑइल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे नेऊन देतो, असं मी सेक्रेटरींना लिहून दिलं. ज्या गॅरेजवाल्याला टाळण्यासाठी हा सगळा उद्योग केला, त्याच्याकडेच आता मला डबा घेऊन जायचं होतं.

या काळात बायकोने गॅलरीतून आणखी दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी म्हणालो, इंजिन कोरडं होतंय. दुसऱ्यांदा, सव्वातीनला, काही सुचेना म्हणून म्हणालो की गाडीला जरा विश्रांती देतोय. बायको कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिली. खाली दृश्य असं होतं, की मी पायरीवर बसलो आहे, डॉक्टर बुचाचे तुकडे मोजताहेत आणि ट्रेझरीसाहेब दोन्ही हातांत डोकं धरून आहेत. विश्रांती नक्की कोणाला चालली आहे, असं तिने विचारलं नाही. आत गेली.

चार वाजता मी हात टेकले.

तीन मजले चढून गेलो तेव्हा ती तयार होत होती. केस विंचरून झाले होते, पर्स टेबलावर होती. बसची चिल्लर काढून ठेवलेली दिसली नाही, तेवढाच मला आधार वाटला. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. पाकीट, सही, दोन कुलपं, कपाटातला फोन, दुकानदाराची खुर्ची. बूच तेवढं वगळलं.  गाडी साडूभाऊंना देऊन टाकू, त्यांना फरशीवर शोभेल, असंही मी म्हणालो. ते बोलताना मला खरंच वाईट वाटलं.

तिने कंगवा खाली ठेवला, शिवणाचा डबा उघडला आणि रिळांच्या खालून एक लांब पितळी किल्ली काढली.

"ही घ्या," ती म्हणाली.

"ही कसली?"

"वहिनींची. तीन वर्षं माझ्याकडे असते. लागली की नेतात, आजही सकाळी परत ठेवून गेल्या. त्यांच्याकडून हरवते म्हणून देऊन ठेवली त्यांनी. साहेबांना सांगू नका म्हणाल्या होत्या."

मी किल्ली हातात घेतली. "तू एक वाजल्यापासून वर होतीस."

"आणि तुम्ही एक वाजल्यापासून म्हणताय मस्त चाललंय."

 मी नामंजूर केलेल्या एकाही माणसाला मी इतक्या थोडक्या शब्दांत पटवलेलं नाही.

बायकोही माझ्याबरोबर खाली आली. किल्ली पाहून ट्रेझरीसाहेब पायरीवर पुन्हा बसले. आपल्या तिजोरीची दुसरी किल्ली तीन वर्षं दुसऱ्याच्या घरात, सुया आणि बटणांच्या शेजारी होती, हे पचवायला त्यांना जड गेलं. मग माझ्या बायकोला ते म्हणाले, की वहिनी, नियमाप्रमाणे दुसरी किल्ली वेगळ्याच छपराखाली असावी लागते, तेव्हा एका अर्थी हे बरोबरच झालं. स्वतःची समजूत घालायची ही त्यांची पद्धत मला आवडली. त्यांनी वहीत किल्ली आल्याची नोंद केली, कपाट उघडलं, पाकीट आणलं, सील शाबूत असल्याबद्दल पुन्हा आमच्या सह्या घेतल्या आणि प्लग दिला. जाता जाता कपाटातून त्यांनी एक बिस्कीट उचललं, ते आम्ही पाहिलं नाही.

साडेचार वाजले होते. प्लग लावला, डॉक्टरांनी आवळला, मी वरून नरसाळ्याने ऑइल ओतायला लागलो. बायको पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचत होती. इंजिनच्या अंगाला एक छोटी गोल काच असते, तिच्यावर दोन रेघा असतात, ऑइल त्या रेघांच्या मध्ये दिसलं पाहिजे. मी ओतत होतो आणि काचेत काहीच दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले अजून ओता. साहेब म्हणाले अजून ओता. मी तिसरी बाटली उघडणार, तेवढ्यात बायकोने पुढची ओळ वाचली, की काच बघताना गाडी सरळ उभी असावी. माझी गाडी साइड स्टँडवर एका अंगाला कलली होती. या गाडीला दुसरा स्टँड नाही.

म्हणजे कोणीतरी वर बसून गाडी सरळ धरायला हवी होती, आणि मी तर खाली काचेशी आडवा. डॉक्टरांची कंबर नुकतीच बरी झाली होती. साहेबांना दुसऱ्याच्या मालमत्तेवर बसणं नियमात बसेल असं वाटेना. मी दोघांच्या तोंडाकडे बघतोय, तोवर बायकोने पुस्तक साहेबांच्या हातात दिलं, पाय टाकला आणि पुढच्या सीटवर बसून हँडल धरलं. आठ महिने जी मागच्या सीटवर बसली नाही, ती पुढच्या सीटवर बसली आणि दोन्ही पाय जमिनीवर रोवून तिने गाडी झटक्यात सरळ केली.

"बघा लवकर," ती म्हणाली, "जड आहे ही."

मी जमिनीवर गाल टेकून काचेत पाहिलं. ऑइल दोन रेघांच्या बरोबर मध्ये होतं. सोनेरी, स्वच्छ. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मला पदोन्नतीच्या दिवशीही झाला नव्हता. पाचला पाच मिनिटं कमी होती. इंजिन सुरू केलं, ते पहिल्या झटक्याला सुरू झालं. बायकोने गाडीभोवती फिरून जमीन तपासली, माझे खिसे चाचपले, पान्यांची पिशवी उलटी केली. काही उरलं नव्हतं.

तीन वेळा साबण लावून हाताचं काळं गेलं नाही म्हणून मी हातमोजे चढवले, आणि आम्ही निघालो. ती मागे बसली होती. पहिल्या चौकापर्यंत तिने सीटची कड धरली होती. दुसऱ्या चौकात माझा खांदा धरला. त्यानंतरचे सगळे चौक मला आणखी दूर असते तर चाललं असतं.

साडूभाऊ दारातच उभे होते. आम्हाला गाडीवरून एकत्र आलेलं बघून त्यांचं तोंड जरा उतरलं. मी गाडी त्यांच्या पांढऱ्या अंगणात, दाराजवळ उभी केली. मागचं ऑइल कोणी बदललं, असं त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत बायको म्हणाली, "ह्यांनीच. घरी."

चहा आला. मेहुणीने माझे हात पाहिले आणि भाऊजी, अशा हातांनी कप धरू नका म्हणाली. तिने साखर आणि तेल हातावर घालून मला स्वतःच्या देखरेखीखाली हात चोळायला लावले. या उपायाने काळं खरंच निघालं. एकेक बोट उजळत गेलं. शेवटी करंगळी उजळली आणि तिच्यात तांब्याची चकती चकाकायला लागली.

तो वॉशर होता. मी ती ओढली. पण अंगठा ठेचल्यापासून सगळा हातच सुजला होता, ती हलेना.

"भाऊजी, ही अंगठी कसली?" मेहुणीने विचारलं. साडूभाऊही कप खाली ठेवून पुढे वाकले.

मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं. तासाभरापूर्वी पुस्तक तिच्याच हातात होतं, आणि त्यातल्या आकृतीत प्लग, मग वॉशर, मग इंजिन असं स्पष्ट दाखवलेलं होतं. तिला कळलं, हे मला कळलं. एक भाग उरला होता. अट तिची होती, साक्षीला साडूभाऊ स्वतः हजर होते, आणि तिने नुसतं खरं सांगितलं असतं तर पुरे होतं.

मग तिची नजर उघड्या दारातून बाहेर गेली. माझीही गेली. गाडीच्या पोटाखाली, पांढऱ्याशुभ्र फरशीवर, रुपयाएवढा एक सोनेरी ठिपका पडला होता. आम्ही बघत असतानाच तो थोडा मोठा झाला.

"गुडघ्यासाठी," बायको म्हणाली. "तांब्याने गुडघेदुखी राहते. ह्यांचा गुडघा फार दुखायचा, आता बघा कसे गाडी चालवतात."

असं म्हणत ती उठली, अंगण बघू म्हणाली, आणि दाराबाहेर पडताना उंबऱ्याजवळचं पायपुसणं पायाच्या बोटांनी हळूच सरकवून तिने बरोबर त्या ठिपक्यावर नेलं. फरशी फार छान आहे हो, असं ती त्याच वेळी ताईला सांगत होती. सत्तावीस वर्षांत मी तिला कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि ती इतकं सफाईने बोलू शकते हे बघून मला आनंदाबरोबर थोडी काळजीही वाटली. पण एक सांगतो. इतका उघड निष्काळजीपणा आणि इतका कमी कागद, एवढ्यावर मंजूर झालेला दावा मी आजवर पाहिलेला नाही.

 परतताना घराजवळ आल्यावर ती मागून म्हणाली, "पुढच्या रविवारी तेवढं एक जागेवर घाला. आणि काही अडकलं तर आधी वर येऊन सांगा."

चकती त्या रात्री निघाली, गाडीच्याच नव्या ऑइलचा एक थेंब लावून. साडूभाऊंनी दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी तांब्याची अंगठी करून घेतली. गुडघा बराच हलका वाटतो म्हणतात. फरशीवर मात्र कसला तरी डाग उठलाय आणि फरशीवाला तो मान्य करत नाही, म्हणून त्यांनी मला विम्याचं काही होईल का विचारलंय. मी कागद पाठवा म्हटलं आहे.

काल मी सेक्रेटरींना पुन्हा तीन प्रतींत अर्ज दिला. देखरेख करणाऱ्यांच्या रकान्यात डॉक्टर आणि ट्रेझरीसाहेब यांच्या वर या वेळी बायकोचं नाव लिहिलं.